टायरवरचा आकडा २६ × २.१२५: जुन्या माउंटन बाइकची माया का सुटत नाही

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाण्याच्या पंपाशेजारी एक लाल रेंजर सायकल कित्येक वर्षं उभी आहे. सीटचं रेक्झिन फाटलंय, चेन गंजून ताठ झालीय, टायर बसून फरशीला चिकटलेत. गेल्या महिन्यात भाच्याने मोबाइलवर एक जाहिरात दाखवली. जवळपास तशीच दिसणारी, चाळीसेक वर्षांची एक अमेरिकन सायकल, आणि तिच्यासाठी लोक नव्या करकरीत सायकलीचे पैसे मोजायला तयार. "मामा, हे तर भंगार आहे. यात एवढं काय आहे?"

प्रश्न रास्त आहे. आजच्या चांगल्या माउंटन बाइकची किंमत मोटरसायकलला मागे टाकते. तिच्यात आधीच्यापेक्षा सगळंच सरस असतं. तरीही १९८० आणि ९० च्या दशकांतल्या सायकली, त्यांचे ब्रेक, गिअरचे खटके, अगदी मूळ स्टिकरसुद्धा जपून ठेवणारे लोक जगभर आहेत.

मी भाच्याला त्या लाल रेंजरपाशी नेलं आणि टायरच्या कडेवरची धूळ अंगठ्याने पुसली. रबरावर उठावाचा आकडा दिसला: २६ × २.१२५. हे माप अमेरिकेत १९३३ साली शाळकरी पोरांच्या सायकलसाठी बाजारात आलं. डोंगराशी त्याचा काही संबंध नव्हता. ते डोंगरावर कसं गेलं आणि तिथून आपल्या पार्किंगमध्ये कसं आलं, हे कळलं की त्या जाहिरातीचाही उलगडा होतो.

## माउंटन बाइक म्हणजे नेमकं काय?

चार गोष्टी एकत्र आल्या की माउंटन बाइक होते. जाड, खाचांचे टायर. रुंद, सरळ हँडल. चढासाठी हलके गिअर. आणि उतारावर भरवशाने धरणारे ब्रेक. आज कुठल्याही दुकानात हे सगळं एका सायकलवर मिळतं.

१९७० च्या सुमारास ते मिळत नव्हतं. शर्यतीच्या सायकलला गिअर असायचे, पण टायर बोटाएवढे. मुलांच्या सायकलला जाड टायर असायचे, पण गिअर नाहीत, आणि ब्रेक एकच, तोही मागच्या हबच्या आत. हब म्हणजे चाकाच्या मधोमध असलेला डबा, ज्यातून एक्सल जातो आणि ज्याला तारा जोडलेल्या असतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढची सगळी गंमत तिथेच आहे.

## पेपर टाकणाऱ्या पोरांची सायकल

१९३० च्या दशकात अमेरिकेत महामंदी होती. मोठी माणसं मोटारीने फिरायला लागली होती, त्यामुळे सायकल प्रामुख्याने मुलांची झाली होती. पोरं ती फुटपाथच्या कडेवरून आपटायची, तिच्यावरून घरोघर पेपर टाकायची. बारीक टायर टिकत नसत. शिकागोच्या श्विन कंपनीने १९३३ मध्ये सव्वादोन इंचांना थोडा कमी, म्हणजे २.१२५ इंच रुंदीचा फुगीर टायर आणला. त्याच्या जोडीला जाडजूड पोलादी सांगाडा. सायकल वीस किलोच्या घरात जायची, पण मोडायची नाही.

चाळीस वर्षांनी या सायकली अमेरिकेतल्या गॅरेजांत आणि भंगाराच्या ढिगांत पडून होत्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला, गोल्डन गेट पूल ओलांडला की मरीन परगणा लागतो. तिथे टॅमल्पाइस नावाचा डोंगर आहे, स्थानिक लोक त्याला नुसतं 'टॅम' म्हणतात. वणवा विझवायला गाड्या जाव्यात म्हणून त्याच्या अंगावर कच्चे रस्ते कोरलेले आहेत. गावातली काही तरुण मंडळी डांबरी रस्त्यावरच्या शर्यती करायची, आणि सुट्टीच्या दिवशी श्विनच्या जुन्या सायकली घेऊन टॅमवर जायची. मडगार्ड काढ, कॅरिअर काढ, स्टँड काढ, जेवढं लोखंड सुटेल तेवढं सोडव, आणि उरलेला सांगाडा उतारावर सोड. या सायकलींना ते 'क्लंकर' म्हणत. आपण खटारा म्हणू तसं.

## ग्रीस का जळायचं?

२१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळच्या एका उतारावर या मंडळींनी घड्याळ लावून शर्यत घेतली. चार्ली केली हा तिचा मुख्य संयोजक. अंतर तीन किलोमीटरच्या आसपास, आणि तेवढ्यात सुमारे ४०० मीटरची उतरण. म्हणजे दर सात-आठ मीटर पुढे गेलं की एक मीटर खाली. खडी, चर, आंधळी वळणं. स्वार दोन-दोन मिनिटांच्या अंतराने सुटायचे. पहिल्या शर्यतीत ॲलन बाँड्स जिंकला. पुढे गॅरी फिशरने ४ मिनिटं २२ सेकंदांचा विक्रम केला, जो ब्रीझ नावाचा स्वार त्याच्यामागे फक्त दोन सेकंद. ताशी चाळीस किलोमीटरहून जास्त सरासरी वेग, आणि तोही पेपर टाकायच्या सायकलवर.

आता ब्रेककडे या. या सायकलींचा ब्रेक उलटं पायडल मारून लागायचा. पाय मागे दाबला की हबच्या आतला एक शंकूसारखा भाग सरकतो, तो धातूच्या पट्ट्यांना बाहेर ढकलतो, आणि त्या पट्ट्या फिरत्या हबला आतून घासतात. सपाट रस्त्यावर, पोराच्या वजनाला ही रचना झकास आहे. पाऊस लागत नाही, वायर तुटत नाही.

डोंगरावर मात्र हिशेब वेगळा. सायकल आणि स्वार मिळून शंभर किलो धरा. ४०० मीटर खाली येताना या वजनाची जी ऊर्जा मोकळी होते, तेवढ्यात सव्वा लिटर पाणी नळाच्या गारव्यापासून उकळीपर्यंत जाईल. सात-आठ जणांच्या चहाचं पाणी. त्यातली काही ऊर्जा वाऱ्यात आणि टायरच्या घासण्यात जाते हे खरं, पण बराच मोठा वाटा पाच मिनिटांच्या आत मुठीत मावेल एवढ्या डब्यात उतरतो. डब्यात पाणी नाही, ग्रीस आहे. ते पातळ व्हायचं, जळायचं, मागे धुराची रेघ सोडायचं. खाली पोचेपर्यंत हब कोरडा.

मग घरी जाऊन हब उघडायचा, पुसायचा आणि नव्याने ग्रीस भरायचं. इंग्रजीत या पुन्हा भरण्याला 'रिपॅक' म्हणतात. उताराला तेच नाव पडलं, शर्यतीलाही. १९८४ पर्यंत या शर्यती अधूनमधून होत राहिल्या. मला हे नाव फार आवडतं. त्या जागेला विजेत्याचं नाव मिळालं नाही, शर्यतीनंतरच्या हात काळे करणाऱ्या कामाचं मिळालं.

वेंडी क्रॅग ही तरुणी यात स्वतः उतरायची आणि कॅमेराही घेऊन जायची. ५ मिनिटं २७ सेकंद हा महिलांमधला विक्रम तिचा. जीन्सची पँट, कामगारांचे बूट, धुळीचा लोट आणि हँडलवर वाकलेली माणसं, हे जे चित्र आज जुन्या सायकलींच्या चाहत्यांच्या डोळ्यांपुढे असतं, ते बहुतांशी तिच्या फोटोंतून आलेलं आहे.

## गोधडी

एकच ब्रेक आणि तोही धुरात जाणारा, हे किती दिवस चालणार? खरं तर रिपॅकच्या आधीच, १९७४ च्या डिसेंबरात, सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेच्या क्यूपर्टिनो गावाकडची काही मंडळी मरीनमधल्या एका शर्यतीला आली होती. त्यांच्या जाड टायरच्या सायकलींना गिअर होते. ते पाहिल्यावर टॅमवरच्या मंडळींचेही हात शिवशिवायला लागले. फिशरने आपल्या जुन्या श्विनला गिअर लावले, ड्रम ब्रेक लावले.

पुढची पाच-सहा वर्षं म्हणजे आजीने गोधडी शिवावी तसा प्रकार आहे. एक तुकडा जुन्या नऊवारीचा, एक धोतराचा, एक परकराचा. ब्रेकची मूठ जर्मन मोटरसायकलची, कारण सायकलच्या मुठीला तेवढी ताकद नव्हती. ब्रेक फ्रेंच बनावटीचे, दोन माणसांच्या टँडेम सायकलवर वापरतात ते. गिअरचा खटका जपानी, अंगठ्याने ढकलायचा, म्हणजे हँडलवरची पकड सुटत नाही. यातलं काहीही डोंगरासाठी बनलेलं नव्हतं. प्रत्येक भाग आला तो कुठल्या तरी ठरावीक वळणावर जुना भाग फसला म्हणून.

फक्त सांगाडा तेवढा जुना राहिला होता, आणि तो आता तुटायला लागला. जो ब्रीझने १९७७ मध्ये मिश्रधातूच्या नळ्या वापरून मुद्दाम डोंगरासाठी सांगाडा बनवला. वजन सतरा किलोच्या आसपास. ती सायकल आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. तिची चाकं मात्र त्याच २६ इंची मापाची राहिली, कारण जाड टायर त्याच मापात मिळायचे. पोरांच्या सायकलचं माप डोंगराचं माप झालं ते असं.

१९७९ मध्ये फिशर आणि केलीने 'माउंटनबाइक्स' नावाने धंदा सुरू केला, सांगाडे टॉम रिची बनवायचा. एक सायकल तेराशे डॉलरच्या घरात. ते नाव त्यांना आपल्या हक्काचं करता आलं नाही, म्हणूनच आज सगळं जग ते वापरतं. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीने जपानमध्ये बनवून घेतलेली 'स्टंपजंपर' ७५० डॉलरला आणली आणि इतके दिवस ओळखीपाळखीच्या लोकांत असलेली वस्तू दुकानात पोचली. दुसऱ्याच वर्षी शिमानोने खास माउंटन बाइकसाठी डिओर एक्सटी हा सुट्या भागांचा संच काढला. गोधडीचे दिवस तिथे संपत आले.

## "पण डोंगरात सायकली आधीही जातच होत्या की!"

जात होत्याच. १८९७ मध्ये अमेरिकन सैन्यातल्या कृष्णवर्णीय सैनिकांच्या एका तुकडीने मोंटानातल्या मिझूलापासून सेंट लुईसपर्यंत तीन हजार किलोमीटरहून जास्त अंतर सायकलवर कापलं, रस्ते असोत नसोत. इंग्लंडमध्ये १९५५ पासून पायवाटांवर सायकली नेणाऱ्यांचं मंडळ आहे. पॅरिसजवळ १९५० च्या दशकात काही पोरं सायकलला स्प्रिंगचे चिमटे, म्हणजे पुढचं चाक धरणारे दुहेरी दांडे, लावून चिखलात उड्या मारत होती. कोलोरॅडोतल्या क्रेस्टेड ब्यूटहून १९७६ मध्ये काही जण खटारा सायकलींवर पर्ल पास ओलांडून ॲस्पेनला गेले, ती खिंड १२,७०० फुटांवर आहे. आणि आपल्याकडे दुधाच्या किटल्या लटकवून घाटातल्या कच्च्या वाटेने येणाऱ्या माणसाला कुणी विक्रमवीर म्हटलं नाही, पण तोही तेच करत होता.

मरीनच्या मंडळींनी सायकल डोंगरावर नेली हा त्यांचा शोध नाही. पुन्हा पुन्हा त्याच उतारावर, घड्याळ लावून, जे मोडेल ते बदलत राहिले, आणि शेवटी ती वस्तू दुसऱ्याला विकत घेता येईल अशी केली, हे श्रेय त्यांचं आहे. मला ते पुरेसं मोठं वाटतं.

## "ते सामान खरंच चांगलं होतं का?"

बरंचसं नव्हतं, आणि जुन्या सायकलींवर जीव असणाऱ्याने ते मान्य करायला हवं.

कँटिलिव्हर ब्रेकचंच बघा. चिमट्याच्या दोन बाजूंना दोन हात, वरून एक आडवी वायर, ती मधून ओढली की दोन्ही रबर रिमवर दाबले जातात. कल्पना सोपी. पण रबर बसवायला घ्या. तो वर-खाली सरकतो, आत-बाहेर सरकतो, आणि तिन्ही दिशांनी कलतो. नट आवळला की आवळता आवळता पाव वळसा फिरतो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. मी एकदा एका चाकाला पाऊण तास घातलाय. एवढं करून रिम ओली झाली की पहिले दोन-चार मीटर काहीच पकडत नाही, मग एकदम पकडतं. मुठा खोऱ्यातल्या पावसात हे अनुभवलेला माणूस डिस्क ब्रेकला नावं ठेवणार नाही.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तर मागचा ब्रेक पायडलच्या मागे, सांगाड्याच्या खालच्या नळ्यांच्या पोटाशी लावायची टूम निघाली. टायरवरून गळणारा सगळा चिखल नेमका तिथेच साचायचा. काही वर्षांत ती मोडीत निघाली. पुढच्या चिमट्यात शॉकॲब्सॉर्बर आले ते १९८९-९० च्या सुमारास, रॉकशॉक्स कंपनीचे, आणि त्यांची हालचाल जेमतेम दोन इंचांची. १९९० मध्ये कोलोरॅडोतल्या ड्युरँगो इथे पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली. तिथे ग्रेग हर्बोल्डने तेच वापरून उतरणीची शर्यत जिंकली. त्याच मोसमात जॉन टोमॅकसारखा अव्वल स्वार डोंगरातल्या शर्यतीत रस्त्याच्या सायकलचं वाकडं हँडल लावून उतरत होता. काय बरोबर आणि काय चूक हे अजून कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून सगळंच करून बघितलं जात होतं. त्या काळातल्या सायकली एकसारख्या दिसत नाहीत त्या यामुळेच.

## मग आज महागड्या माउंटन बाइकला २६ इंची चाक का मिळत नाही?

रेल्वे स्टेशनवर चाकांची बॅग ओढताना बघा. फरशीतल्या छोट्या फटीतही ती अडकते, आणि हमालाची मोठ्या चाकांची गाडी त्याच फटीवरून सरळ निघून जाते. चाक मोठं असलं की अडथळ्याला कमी खड्या कोनात भिडतं. म्हणून २००० नंतर २९ इंची चाकं आली, मग २७.५ इंची, आणि २०१२ ते १४ च्या दरम्यान २६ इंची चाक महागड्या माउंटन बाइकवरून जवळपास नाहीसं झालं.

दुसरा बदल पुढच्या चिमट्याच्या कलाचा. जुन्या श्विनचा चिमटा बराच पुढे झुकलेला असायचा, जमिनीशी साधारण ६८ अंश. अशी सायकल वळायला आळशी, पण उतारावर सरळ राहते. १९८० च्या अखेरीस चढाच्या शर्यतींसाठी तो कोन ७१ अंशांपर्यंत उभा केला गेला. सायकल चपळ झाली, आणि तीव्र उतारावर स्वार हँडलवरून पुढे फेकला जाऊ लागला. आजच्या सायकलींत हा कोन ६४ ते ६६ अंशांवर आलाय. पेपर टाकणाऱ्या पोरांच्या सायकलमध्ये जे आपसूक होतं, त्या दिशेने जग वळसा घालून परत गेलं, आणि आणखी पुढेही गेलं.

म्हणजे नवी सायकल सरस आहे, यात वाद नाही.

## "मग जुन्यात जीव का अडकतो?"

तरुणपण आठवतं म्हणून, हे उत्तर खरं आहे पण अर्धं आहे. ज्यांचा जन्मही तेव्हा झाला नव्हता अशी पोरंही या सायकली शोधतात.

माझ्या मते कारण असं आहे. जुन्या माउंटन बाइकचा प्रत्येक भाग बघून कळतो. खटका ढकलला की वायर ताणली जाते, वायर ताणली की चेन सरकते. १९८७ च्या डिओर एक्सटीच्या खटक्याला एक चकती आहे. तिने टिकटिक आवाज करत गिअर बदलतात, आणि ती टिकटिक बिघडलीच तर चकती फिरवून साध्या घर्षणावर चालवता येतं, गिअर कानाने आणि बोटाने शोधायचा. बिघडल्यावरही घरी पोचवायचं, हे बनवणाऱ्याने आधीच गृहीत धरलेलं असतं. हे माझ्या लेखी फार मोठं शहाणपण आहे.

आजच्या सायकलीत बॅटरीवर गिअर बदलतात, ब्रेकमध्ये तेल असतं, शॉकॲब्सॉर्बरचं ओव्हरहॉलिंग करायला खास हत्यारं आणि खास माणूस लागतो. सांगाड्याच्या मागच्या बाजूची रुंदी वीसेक वर्षांत १३५ वरून १४२ आणि मग १४८ मिलिमीटर झाली. प्रत्येक बदलाला तांत्रिक कारण आहे. पण त्याचा परिणाम असा की दहा वर्षांपूर्वीचं चांगलं चाक आज नव्या सांगाड्यात बसत नाही, आणि जुन्या सांगाड्याला साजेसं नवं चाक सहजी मिळत नाही. वस्तू झिजायच्या आधी जुनी ठरते. जुन्या सायकलींच्या चाहत्यांची तक्रार मुख्यतः ही आहे आणि ती मला पटते.

जुन्या सुट्या भागांच्या नावाखाली अव्वाच्या सव्वा किंमत लावणारेही आहेत. त्या भरीला पडू नका. भिंतीवर टांगायला घेतलेल्या सायकलीबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण या वस्तूचा सगळा अर्थ ती उघडण्यात आणि चालवण्यात आहे.

## पार्किंगमधली लाल सायकल

रेंजर हे आपल्याकडच्या एका मॉडेलचं नाव, ते इतकं रुळलं की सरळ हँडल आणि जाड टायरची कुठलीही सायकल रेंजर झाली. बहुतेकींना गिअरही नसायचे. तरी तिचं चाक टॅमवरून आलेलंच आहे.

तळमजल्यावरच्या काकांना विचारलं, ते म्हणाले, "घ्या की, मुलगा आता कुठे चालवतोय." दोन रविवार गेले. कोपऱ्यावरच्या मिस्त्रींनी 'कोन' म्हणजे एक्सलवरचा शंकूसारखा नट सोडवायचा पाना दिला आणि मागचा हब आम्ही घरीच उघडला. ग्रीसचं डांबर झालं होतं. एका बाजूला पाव इंची नऊ छर्रे, दुसऱ्या बाजूला आठच. नववा कुठे गेला कोण जाणे. भाच्याने सगळे रॉकेलमध्ये धुतले, वर्तमानपत्रावर ओळीने मांडले, तीन गंजलेले बाजूला काढले, मिस्त्रींकडून नवे आणले. मग बोटाने नवं पिवळं ग्रीस भरलं, नखांच्या आतपर्यंत. चाक हातात धरून एक्सल फिरवला तेव्हा आवाज नाही. तो बराच वेळ नुसता फिरवत बसला.

आता टायर आणायचेत. दुकानात नुसतं 'सव्वीस इंची' म्हणून चालत नाही. एक २६ × १ ३/८ असा अपूर्णांकात लिहिलेला टायरही मिळतो, तो साध्या सायकलचा, त्याची रिम ५९० मिलिमीटरची. रेंजरची ५५९. दोन्हींवर सव्वीसच लिहिलेलं असलं तरी एकाचा टायर दुसऱ्यावर बसत नाही. म्हणून भाच्याच्या हातात चिठ्ठी दिलीय आणि तिच्यावर दशांशचिन्ह ठळक काढलंय: २६ × २.१२५, दोन नग, ट्यूबसकट.